दीडशे जागांचं लायसन्स

दसऱ्याच्या दिवशी आमच्या ऑफिसात एकही यंत्र बंद राहिलेलं चालत नाही. बंद यंत्राची पूजा म्हणजे झोपलेल्या पाहुण्याला कुंकू लावण्यासारखं, असं आमचे भांडारपाल काका म्हणतात, आणि भांडाराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असल्यामुळं त्यांच्यापुढं कोणाचं काही चालत नाही. सकाळीच ते भांडाराची खोली उघडतात आणि आतून एकेक कॉम्प्युटर बाहेर काढायला लावतात. वापरातले तर असतातच, पण पार म्हातारे होऊन कोपऱ्यात पडलेलेही त्या दिवशी उजेडात येतात. फडक्यानं पुसायचे, हॉलमध्ये सतरंजीवर ओळीनं मांडायचे आणि सुरू करायचे. नुसते सुरू करूनही भागत नाही, मागं नेटची वायर खोचावी लागते. मागची बत्ती लुकलुकली की यंत्रात जीव आला, असं काकांचं शास्त्र आहे. मग झेंडूचं फूल, हळदकुंकू, नारळ आणि शेवटी पेढे.

मी या संस्थेत कॉम्प्युटर सांभाळते. शिक्षण संस्था आहे. वाशीमला मुख्य कार्यालय आणि कॉलेज, तालुक्यांच्या गावी चार-दोन शाळा आणि आसेगावला एक ज्युनिअर कॉलेज. मी राहते अनसिंगला, रोज जाऊन-येऊन करते. माझा हुद्दा 'संगणक विभागप्रमुख' असा भारदस्त आहे, पण विभागात माझ्याशिवाय चिटपाखरू नाही. प्रिंटर अडकला तरी मी, पासवर्ड विसरला तरी मी, आणि पंखा फिरेनासा झाला तरी 'लाईटीचंच काम हाये ना मॅडम' म्हणून मीच. मला राग लवकर येतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा म्हणतो, वाशीमच्या स्टँडवर उतरेपर्यंतच तू शांत असतेस. म्हणू दे. स्वतः दिवसभर लोकांचे पासवर्ड बदलून पाहावं एकदा त्यानं.

गेल्याच्या आदल्या दसऱ्यानंतर संस्थेनं एक सॉफ्टवेअर घेतलं. आपल्याकडं कुठं किती कॉम्प्युटर, प्रिंटर, लॅपटॉप आहेत, ते चालू आहेत का, शेवटचे कधी दिसले, हे सगळं ते एका पडद्यावर दाखवतं. ऑफिसच्या नेटवर ते रोज दुपारी एक फेरी मारतं आणि जे जे सापडेल त्याची नोंद करून घेतं. बाहेरगावच्या लॅपटॉपांत एक छोटा प्रोग्राम टाकून ठेवायचा. लॅपटॉपला नेट मिळालं की तो प्रोग्राम आपण होऊन वाशीमला हजेरी लावतो. लायसन्स होतं दीडशे डिव्हाइसचं. विकणाऱ्या माणसानं तेव्हा सगळं समजावून सांगितलं होतं, पण सभेतल्या मंडळींनी डिव्हाइस म्हणजे कॉम्प्युटर असा सरळ अर्थ घेतला. आपले कॉम्प्युटर तर शंभराच्या थोडेच वर, मग दीडशे म्हणजे ऐसपैस झालं की, असं म्हणून सचिवसाहेबांनी सही केली. लायसन्स त्यांच्या नावावर, सूचना येणार त्यांच्या ईमेलवर. आणि आमचे साहेब ईमेल उघडत नाहीत. काही महत्त्वाचं असलं तर माणूस फोन करतो, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या दसऱ्याला पूजा जोरात झाली. सगळ्यांची बायकापोरं आली होती. त्या दिवशी वायफायसुद्धा सगळ्यांना मोकळं असतं, तीही एक रीतच पडून गेली आहे. पोरं कोपऱ्यात मोबाईलवर बसली, बाया फोटो काढून तिथूनच माहेरी पाठवत बसल्या. दुपारी आपट्याची पानं वाटून झाली, जुने कॉम्प्युटर पुन्हा भांडारात गेले आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

दिवाळी झाली आणि आसेगावच्या पोरींचे लॅपटॉप आले. पुण्याच्या एका कंपनीनं अकरावी-बारावीतल्या मुलींसाठी वीस लॅपटॉप दिले होते. पोरींनी ते घरी न्यायचे, घरी अभ्यास करायचा, अशी ती योजना. अट एवढीच की प्रत्येक लॅपटॉप वापरात आहे हे संस्थेनं आपल्या सॉफ्टवेअरच्या अहवालातून कंपनीला दाखवायचं. आसेगावला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई म्हणजे या योजनेचा जीव. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, तिथल्याच, बौद्ध घरातल्या. आईवडील दोघंही मजुरीला जात. बाई बरीच वर्षं मानधनावर होत्या आणि त्यांच्या कायम नेमणुकीची फाईल साहेबांच्या टेबलावर सहीला आलेली होती.

लॅपटॉप वाटणं म्हणजे खोका उघडून हातात देणं, असं मला वाटलं होतं. बाईंकडून ऐकलं तेव्हा कळलं. त्या घरोघर फिरल्या होत्या. एका घरी बाप म्हणाला, एवढी महाग वस्तू आमच्या घरात नको, फुटली तर भरून कोण देईल. दुसऱ्या घरी आजी म्हणाली, पोरगी त्यात काय पाहते ते आम्हाला काय कळणार. बाईंनी प्रत्येक ओट्यावर बसून चहा पिऊन ही माणसं राजी केली. लॅपटॉप ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाला नाव द्यायचं होतं, तर ते त्यांनी पोरींनाच ठेवायला लावलं. मग कोणी 'कलेक्टर' ठेवलं, कोणी 'मोगरा', एकीनं 'नर्स', एकीनं 'इंजिनिअर'. मी फोनवर सांगत गेले तसा त्यांनी प्रत्येकात तो छोटा प्रोग्राम टाकला. प्रत्येक वेळी हिरवी खूण आली. झालं काम, म्हणून आम्ही दोघींनी फोन ठेवला.

तुरी सोंगायचे, कापणीचे दिवस होते. सकाळी साहेबांनी मला बोलावलं आणि आसेगावचा अहवाल काढून मागितला. दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेची सभा होती, त्याच सभेत कंपनीचा माणूस येऊन बसणार होता. मी टेबलावर आले, आसेगाव निवडलं, छापायला दिलं. कागद बाहेर आला. त्यावर आसेगावचे जुने कॉम्प्युटर होते, प्रिंटर होता. लॅपटॉप एकही नव्हता. मी पुन्हा काढला, पुन्हा तेच.

साहेबांनी कागद पाहिला आणि तो टेबलावर उलटा ठेवला. त्यांना काय आठवलं ते मला समजत होतं. पूर्वी एका देणगीदारानं बायांच्या वर्गासाठी शिलाई मशिनी दिल्या होत्या, त्या एका केंद्रातून गायब झाल्या आणि भर सभेत साहेबांना खाली मान घालून ऐकून घ्यावं लागलं होतं. तेव्हापासून दान आलेल्या वस्तूचा विषय निघाला की त्यांचा चेहराच बदलतो. त्यांनी बाईंना फोन लावून तडक वाशीमला बोलावून घेतलं. दुपारी बाई आल्या, घामाघूम, पदर खोचलेला, प्रवासात काही खाल्लेलंही नव्हतं.

साहेबांनी विचारलं, लॅपटॉप कुठं आहेत. पोरींच्या घरी, असं बाई म्हणाल्या. मग हजेरीत एकही का नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब, सॉफ्टवेअरचा काही घोळ असेल. ते म्हणाले, मॅडम, तुमच्याच सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवा म्हणून तुम्हीच वर्षभर सांगता ना. मग त्यांनी हुकूम दिला की उद्याच्या सभेच्या आत सगळे लॅपटॉप गोळा करून वाशीमच्या कपाटात आणून ठेवायचे. एकतर ते यादीत दिसले पाहिजेत, नाहीतर कपाटात. दोन्ही नसेल तर बाईंची फाईल बिनसहीची परत जाईल आणि मानधनाचं कामही इथंच थांबेल.

बाई उभ्या होत्या, टेबलाची कड धरून. मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत.

"साहेब, मी एकीच्याबी घरून लॅपटॉप वापस आननार नाई," त्या म्हणाल्या. "अख्खं गाव पाह्यते. पोरीनं काईतरी केलं म्हनून ऑफिसवाल्याईनं वस्तू नेली, असंच म्हनतीन लोकं. एकदा तसं नाव लागलं का त्या पोरीचं कॉलेज बंद. माही नोकरी गेली तं दुसरी पाहीन मी, पन पोरीईच्या दारात जानार नाई."

साहेब म्हणाले, तुमची मर्जी. आणि त्यांनी फाईल उचलून बाजूच्या ढिगावर ठेवली.

बाहेर आल्यावर मी बाईंवरच चिडले. म्हटलं, काय गरज होती एवढं तोंडावर बोलायची, दोन दिवसांसाठी आणले असते. बाईंनी मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, ताई, तुमच्या लेकीच्या हातून कोणी असं काढून नेलं असतं तर. मला लेक आहे आणि ती बाईंना माहीत आहे. मग कँटीनमध्ये नेऊन त्यांना आलुबोंडा खाऊ घातला आणि सांगितलं, उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं या, एक लॅपटॉप घेऊन या, कोणी खुशीनं देत असेल तर. पाणी कुठं मुरतंय ते आपण शोधू.

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. आसेगावच्या स्टँडजवळ राहणाऱ्या एका पोरीनं तिचा लॅपटॉप आपण होऊन दिला होता, संध्याकाळपर्यंत परत पाहिजे या बोलीवर. 'मोगरा' होता तो. मी तो माझ्या टेबलावर ठेवला, नेटला जोडला. लॅपटॉपवर हिरवी खूण, वाशीमला हजेरी लागली म्हणून. आणि शेजारीच माझ्या पडद्यावर 'मोगरा' नावाचं काही नाही. दोन्ही एका टेबलावर, वीतभर अंतरावर, आणि एक म्हणतोय मी आलो, दुसरा म्हणतोय कोणी आलंच नाही. मला असा संताप आला की माऊस आपटला मी. बाई म्हणाल्या, ताई, त्याले मारून काय होनार हाये.

मग मी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजत राहिलं. शेवटी एक मुलगा बोलला, हिंदीत, फार अदबीनं. मी त्याला आधी चांगलं झापलं, मग अडचण सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, सेटिंगमध्ये लायसन्सचं पान उघडा, तिथं काय आकडा दिसतो. मी उघडलं. त्या पानावर जायची वेळ लायसन्स घेतल्यापासून कधी आलीच नव्हती. तिथं लिहिलं होतं, दीडशेपैकी दीडशे. खाली बारीक अक्षरांत, वीस डिव्हाइस प्रतीक्षेत.

मी म्हटलं, असं कसं होईल, आमच्याकडं दीडशे कॉम्प्युटर नाहीतच. तो म्हणाला, कॉम्प्युटर नाही मॅडम, डिव्हाइस. तुमच्या नेटवर जे जे सापडलं ते ते डिव्हाइस. प्रिंटर, कॅमेरा, मोबाईल, सगळं. आणि एकदा सापडलं की ते बंद असलं तरी त्याची जागा धरलेली राहते, तुम्ही सोडवेपर्यंत. दीडशे भरले की नवं डिव्हाइस हजेरी लावतं, पण त्याला यादीत घेत नाहीत, बाहेर थांबवून ठेवतात. तशी सूचना ईमेलवर केव्हाच पाठवली आहे, म्हणाला. कोणाच्या ईमेलवर, ते मी विचारलं नाही.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. माणूस खाली चहा पितोय, जागेवर नुसता रुमाल, आणि लेकुरवाळी बाई उभी. पण आमच्या गाडीत रुमाल टाकले कोणी? मी यादी उघडली आणि शेवटचं कधी दिसलं, त्या क्रमानं लावली. बाई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या. एकामागून एक ओळी, आणि सगळ्यांपुढं एकच तारीख. त्या तारखेच्या आधी ते डिव्हाइस नव्हते आणि नंतर परत कधी दिसले नव्हते.

"ताई, या दिवशी काय होतं?" बाईंनी विचारलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मागं उलटलं. दसरा.

मग मात्र मला हसू आवरेना. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सतरंजीवर मांडलेली ती सगळी म्हातारी यंत्रं, मागची बत्ती लुकलुकवून, कुंकू लावून, एका दुपारसाठी जिवंत झाली होती आणि नेमकी त्याच दुपारी सॉफ्टवेअरनं आपली फेरी मारून प्रत्येकाला जागा देऊन टाकली होती. बरोबर वायफायवर बसलेल्या बायापोरांचे मोबाईलही. त्यात सचिवसाहेबांचा फोन होता, त्यांच्या नातवाचा टॅब होता, आणि साहेबांच्या मनगटावरचं नेटवर चालणारं नवं घड्याळसुद्धा एक जागा अडवून ऐटीत बसलं होतं. बाईंना हे सगळं समजावून सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि मोठा श्वास सोडून म्हणाल्या, म्हणजे पोरी खोट्या नाहीत. मला तेव्हा लक्षात आलं की रात्रभर या बाईच्या मनातही कुठंतरी ती शंका येऊन गेली असणार. तरी ती साहेबांसमोर तशी उभी राहिली होती.

आता जुन्यांना काढून टाकायचं, एवढंच राहिलं होतं. पण भांडारपाल काका दारात येऊन उभे राहिले. त्यांना कुठून वास लागला कोण जाणे. म्हणाले, मॅडम, समितीचा ठराव झाल्याबिगर एक वस्तू कमी करता येणार नाही, निर्लेखनाची रीत आहे, उद्या मला कोणी विचारलं तर मी काय सांगू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घड्याळ पुढं चाललंय, बाईंची नोकरी चाललीय, आणि काकांना ठराव पाहिजे. पण काका काही वेडे नाहीत. त्यांची सगळी नोकरी 'वस्तू कुठं गेली' या एका प्रश्नाला उत्तर देण्यात गेलेली.

फोन अजून चालूच होता. मी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, खोडायची गरजच नाही. डिव्हाइस नोंदीत राहू द्या, फक्त त्याच्यावरचं लायसन्स काढून घ्या. इतिहास तसाच राहतो, जागा मोकळी होते. हे मी काकांना आपल्या भाषेत सांगितलं. म्हटलं, काका, तुमच्या भांडारातला खिळासुद्धा कमी होत नाही. वस्तू आपलीच राहते, हे सॉफ्टवेअर फक्त तिच्यावर नजर ठेवणं थांबवतं. त्यानं आपल्याला विकलंय ते एकाच वेळी दीडशे ठिकाणी नजर ठेवायचं काम, आणि ती सगळी नजर आपण खोलीत कुलूप लावलेल्या यंत्रांवर गुंतवून बसलो. काकांनी थोडा विचार केला. म्हणाले, मंग तं त्याईची पूजा पुढच्या वर्षीबी करता येईन. मी म्हटलं, करा, फक्त नेटची वायर लावू नका. बत्तीचं काय, असं ते म्हणाले, पण माझा चेहरा पाहून निघून गेले.

एकेकाचं लायसन्स काढत गेले. साहेबांचं घड्याळ मी सगळ्यात आधी काढलं, हे कबूल. आकडा खाली उतरायला लागला. आणि जागा होताच पहिलं नाव वर आलं, 'मोगरा'. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. मग त्यांनी वर्गाच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं, सगळ्यांनी लॅपटॉप चालू करा आणि नेट लावा. का, ते लिहिलं नाही.

पोरी कामाच्या निघाल्या. 'नर्स' आली, 'कलेक्टर' आला, 'पोलीस' आला. कोणी कॉलेजातून लावला, कोणी घरून, एकीचा लॅपटॉप तर शेतातून आला, तुरीच्या ढिगाजवळ बसून तिनं भावाच्या मोबाईलवरून नेट घेतलं होतं म्हणे. नाव आलं की बाई ते मोठ्यानं वाचत आणि पुढं त्या पोरीचं काहीबाही सांगत, ही गणितात हुशार आहे, हिचा बाप आधी नाहीच म्हणत होता. मी पाण्याची बाटली उघडून प्यायले तेव्हा कळलं की सकाळपासून घोटभरही पाणी पोटात गेलं नव्हतं.

सगळे आले आणि एक राहिला. 'इंजिनिअर'.

ती बारावीतली पोरगी. तिचे आईबाप दिवाळीनंतर पुण्याकडं बांधकामावर गेलेले, आणि आठवड्यापूर्वी आई आजारी पडली म्हणून तीही तिकडं गेली होती, लॅपटॉप घेऊन, अभ्यास बुडायला नको म्हणून. बाईंनी फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तिच्या बापाचा लावला, वाजत राहिला. मला वाटलं, आता गळ्याशी आलंच. एकच लॅपटॉप, पण तो पुण्यात, अनोळखी जागी, आणि शिलाई मशिनींची आठवण घेऊन बसलेले आमचे साहेब.

नेमके तेव्हाच ते आत आले. मी त्यांना सगळं सांगितलं, दसरा, दीडशे जागा, मोबाईल, घड्याळ. ते पडद्यावरची नावं खालून वर वाचत गेले. घड्याळाचं ऐकून त्यांनी मनगट खिशात घातलं. मग विचारलं, हा शेवटचा कुठं आहे. बाईंनी जसं होतं तसं सांगितलं. कंपनीचा माणूस खाली येऊन बसल्याचा निरोप आला, तरी साहेब गेले नाहीत. त्यांनी माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. आम्ही तिघं त्या पडद्याकडं पाहत राहिलो.

आणि यादीच्या टोकाला नाव आलं. 'इंजिनिअर'. हिरवी खूण. मी "आला" एवढंच म्हटलं. जीव असा भांड्यात पडला की मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाईंचा फोन वाजला. तीच पोरगी, बापाच्या फोनवरून. बाईंनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. वाऱ्याचा घोंघाट येत होता.

"मॅडम, खाली रेंजच नाई भेटत. मी बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर येऊन लावला," ती धापा टाकत म्हणाली. मग जरा थांबून हळूच विचारलं, "मॅडम, लॅपटॉप वापस मांगून राह्यले काय?"

बाईंनी फोन उचलला आणि साहेबांच्या पुढं धरला. साहेबांनी एकदा बाईंकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि फोन हातात घेतला.

"नाई बाई," ते म्हणाले. "तुयाच हाये तो. कोनी नेनार नाई. तिथं जिन्याले कठडा हाये काय?"

"नाई, अजून लावला नाई. तुमी कोन?"

"मी ऑफिसातला. लॅपटॉप पोटाशी धर, भिंतीच्या बाजूनं उतर. फोन बंद नोको करू."

मग त्यांनी फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं बाईंची फाईल आणायची खूण मला केली. मी पळत जाऊन ढिगातून ती काढून आणली. त्यांनी माझ्याच टेबलावर ती उघडली आणि सही केली, फोन तसाच कानाला धरून. खालून सभेचं दुसरं बोलावणं आलं. साहेबांनी त्या माणसाला हातानंच थांबवलं आणि पलीकडून पोरगी "उतरली" म्हणेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.